संत्रा-सांबार भात: रस शेवटी, सांबार त्याच्याही नंतर

संत्र्याच्या भाताच्या बऱ्याच रेसिप्यांमध्ये सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की पाण्याऐवजी संत्र्याचा रस टाका आणि कुकर लावा. नागपुरी संत्रं असेल तर असं अजिबात करू नका बापा. कुकर उघडल्यावर वास मस्त येतो, रंगही बरा दिसतो, पण पहिला घास गिळला की घशात मागून कडू लागतं आणि मग घरचे म्हणतात संत्रंच खराब होतं. संत्रं चांगलंच असतं, ते शिजवलं म्हणून कडू झालं. मी सांगतोय त्या पद्धतीत भात साध्या पाण्यात शिजतो, सालीचा वास तुपात उतरतो, रस भात उतरवल्यावर पडतो आणि सांबार अगदी वाढायच्या आधी. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईकडचे वाचत असाल तर.) हा क्रम पाळला तर प्रमाण थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालून जातं, क्रम चुकला तर मोजून मापून टाकलेलंही वाया जातं.

आणि हा पोटभरीचा भात नाही हे आधीच सांगून ठेवतो, हा ताटात बाजूला एक मूद असा भात आहे, सोबत काहीतरी कोरडं, भाजलेलं, तिखट पाहिजेच.

कडू होतं कायले?

संत्र्याच्या पडद्यात, पांढऱ्या धाग्यांत आणि बियांमध्ये एक घटक असतो जो मुळात कडू नसतो. फळ दाबून रस काढला की तो रसात उतरतो, आणि रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, ते मात्र कडूजहर. म्हणूनच ताजा काढलेला रस गोड लागतो आणि तोच ग्लास झाकून फ्रिजमध्ये ठेवला, संध्याकाळी प्यायला, की जिभेवर कडवटपणा राहतो. फ्रिजमध्ये ज्याला काही तास लागतात ते गॅसवर काही मिनिटांत होतं, कारण उष्णतेने हा बदल भराभर होतो. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणाऱ्यांपुढेही हीच कटकट आहे. घरच्या भातासाठी याचा अर्थ एवढाच की रस उकळायचा नाही, आटवायचा तर अजिबातच नाही, आणि मिक्सरमधून फिरवायचा नाही कारण मिक्सरमध्ये बिया आणि पडदे दळले जातात. संत्रं आडवं कापायचं, हाताने हलकं पिळायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं आणि गाळणीतला चोथा चमच्याने दाबायचा मोह आवरायचा. रस भातावर टाकायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी काढला तरी पुरे, सकाळीच काढून ठेवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, आपलं संत्रं तसं गोड फळ आहे, आंबट कमी. नुसत्या संत्र्याच्या रसाचा भात केला तर तो धड तिखट नाही धड गोड नाही असा लागतो, लहान पोरं खातात पण मोठे दोन घास घेऊन सोडतात. म्हणून सोबत लिंबू पाहिजे. संत्र्याने वास आणि थोडी गोडी द्यायची, आंबटपणाचं काम लिंबाचं.

सामान

चार जणांना बाजूला वाढण्यापुरतं: तांदूळ १ वाटी (माझी वाटी साधारण २०० ग्रॅम तांदळाची), पाणी पावणेदोन वाट्या, संत्री २ (एक रसासाठी, एकाची साल आणि फोडी), लिंबू १, साजूक तूप दीड मोठा चमचा आणि शिवाय भाताच्या पाण्यात टाकायला लहान चमचाभर, जिरं अर्धा लहान चमचा, हिरव्या मिरच्या २, बोटाच्या पेराएवढं अद्रक, गोडलिंबाची (कढीपत्त्याची) ६-७ पानं, सांबार बारीक चिरून अर्धी वाटी दाबून भरलेली, पुदिन्याची १०-१२ पानं, मीठ पाऊण लहान चमचा. मिळाला तर गवती चहा, दोन पाती. एवढंच. काजू-बेदाणे टाकणारे टाकतात, मला त्यात बेदाणा आवडत नाही कारण गोडी आधीच संत्र्याची असते, काजूचे चार तुकडे तुपात परतून टाकले तर हरकत नाही.

हळद नको. वायगावची एक नंबर हळद घरात असली तरी नको. हळद टाकली की रंगही तिचा, वासही तिचा, मग तो दक्षिणेकडच्या लिंबू भाताच्या जवळ जातो, जो स्वतःच्या जागी चांगलाच आहे पण मग संत्र्याची साल किसायचे कष्ट कशाला घ्यायचे.

तांदूळ कोणता

बासमतीच पाहिजे असं काही नाही. आपल्याकडे घरोघरी असतो तो एचएमटी किंवा जय श्रीराम या भाताला मस्त जमतो, दाणा बारीक, शिजल्यावर मोकळा, आणि स्वतःचा वास फार नसल्यामुळे सालीचा वास वर येतो. हा एचएमटी आपल्या विदर्भातलाच, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून ही जात तयार केली आणि नाव पडलं त्या काळात गाजत असलेल्या घड्याळावरून. पोत्यावर नाव वाचताना हे लक्षात असलेलं बरं.

चिन्नोरचा मोह होतो, भंडाऱ्याकडचा असेल तर जास्तच, पण चिन्नोरला स्वतःचाच सुगंध असतो आणि तो थोडा मऊ, चिकट शिजतो, वरून रस पडला की गिच्च होतो. चिन्नोर साध्या वरण-तुपासोबत खायचा, त्याच्यावर संत्रं पिळणं मला पटत नाही. बासमती वापरायचा असेल तर वापरा, फक्त पाणी दीड वाटीच्याही थोडं खाली आणा.

तांदूळ नवा आहे की जुना हे पाहणं जास्त महत्त्वाचं. दिवाळीनंतर गावाकडून जो नवा तांदूळ येतो तो पाणी कमी पितो आणि चिकटतो, त्याच्यासाठी पाणी दीड वाटीच. आणि गंमत अशी की संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारं पीक) नेमका त्याच दिवसांत बाजारात असतो, म्हणून सिझनच्या सुरुवातीला हा भात करणाऱ्यांचा हमखास गोळा होतो. एक वर्ष जुना तांदूळ डब्यात असेल तर तो काढा.

संत्रं पाहून घेणं

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरच्या आसपास यायला लागतात आणि डिसेंबरपर्यंत चालतात, मृग बहाराची, म्हणजे नंतरच्या पिकाची, फेब्रुवारी-मार्चमध्ये, थोडीफार एप्रिलपर्यंत. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडचा माल नागपुरात कळमन्याच्या बाजारात उतरतो, तिथून संत्रा मार्केट आणि गल्लीतल्या हातगाड्या. खायला मला मृगाचं आवडतं, जास्त गोड लागतं, पण या भाताला आंबियाचं थोडं आंबट, हिरवट झाक असलेलं फळ बरं पडतं. आंबियाचं वापरलं तर लिंबू अर्धं पुरतं, मृगाचं असेल तर पूर्ण लागतं.

आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलायला तोच फायदा आहे पण किसायला तोच त्रास. पोकळ फुगलेलं संत्रं किसणीवर धरलं की साल आत दबते आणि फाटते. म्हणून साल किसायचं फळ वेगळं निवडायचं: लहान, घट्ट, हातात जड लागणारं, देठाजवळ फुगीर मान नसलेलं. सालीवर बारीक तेलाचे ठिपके दिसतात ते भरलेले पाहिजेत, नखाने हलकं खरवडलं की लगेच वास नाकात जायला हवा. नाही गेला तर ते फळ खायला ठेवा.

मॉलमधलं चकाचक किन्नो किंवा बाहेरून आलेलं संत्रं असेल तर त्याच्यावर मेणाचा थर असू शकतो, कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून कापडाने किंवा मऊ ब्रशने चोळून घ्या. आपलं गाडीवरचं असेल तरी चोळून धुवाच, फवारणी सगळीकडे असते.

आता किसणं. सगळ्यात बारीक भोकांची किसणी घ्या, ज्याच्यावर जायफळ किंवा अद्रक किसता ती. फळ न सोलता, अख्खं, तळहातात घट्ट धरून एका जागी एकदाच ओढायचं आणि फिरवायचं, तिथेच परत परत नाही. वरचा केशरी थर फक्त. पांढरा दिसायला लागला की पुढे सरका, वास सगळा केशरी भागात असतो आणि पांढऱ्यात कडवटपणा. एका संत्र्याचा लहान चमचाभर कीस निघतो, तेवढाच पाहिजे. किसणी हाताशी नसेल तर साल काढून घ्या, आतून चमच्याच्या धारेने पांढरं खरवडून टाका आणि साल केसासारखी बारीक चिरा, वेळ लागतो पण दिसायला जास्त छान दिसतं. मग त्याच संत्र्याच्या चार-पाच पाकळ्यांचे पडदे आणि बिया काढून गर वेगळा ठेवा, वरून टाकायला.

सांबार, पुदिना आणि बाकीचा पाला

कॉटन मार्केट किंवा बुधवार बाजारातून आणलेला सांबार मातीसकट असतो, दोनदा पाण्यात बुडवून वर काढायचा, पाणी ओतून नाही, नाहीतर खाली बसलेली माती परत त्याच्यावर येते. नंतर सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडा होऊ द्या. ओला सांबार चिरला की लगदा होतो आणि भातात हिरवे गोळे दिसतात. कोवळ्या काड्या फेकू नका, पानापेक्षा काडीत चव जास्त आहे, फक्त खालच्या जाड काड्या बाजूला ठेवा, त्या वरणाच्या फोडणीत जातील.

चिरायला धारदार सुरी आणि एकाच दिशेने. बोथट सुरीने पान चेचलं जातं, काळं पडतं. पुदिना तर चिरूच नका, हाताने फाडा आणि तोही भातात पडायच्या क्षणी, आधी फाडून ठेवला की कडा काळ्या पडतात. पुदिना सांबाराच्या मानाने कमीच राहू द्या, जास्त झाला की टूथपेस्टची आठवण येते.

सांबार शेवटी का टाकायचा, तर त्याचा वास उडून जाणारा आहे, गरम तुपात पडला की दोन मिनिटांत स्वयंपाकघरात वास सुटतो आणि भातात काही उरत नाही. शिवाय आंबट आणि गरम एकत्र आलं की पानाच्या हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पान शेवाळी-तपकिरी दिसतं. पाहुण्यांसमोर असा मेहंदीच्या रंगाचा भात आला की चव कितीही चांगली असो, पहिले कोणी हात लावत नाही.

सांबार न आवडणारे लोक असतात, त्यांच्यासाठी पातीचा कांदा, फक्त हिरवा भाग, अगदी बारीक. थोडी शेपूही जमते, चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. मेथी नको, कडवटपणाची भर नको.

गवती चहाबद्दल मुद्दाम सांगतो. गवती चहात आणि लिंबाच्या सालीत वास देणारा घटक एकच असतो, सिट्रल. म्हणजे भात शिजताना पाण्यात गवती चहाची गाठ टाकली तर आंबटपणा न येता दाण्यात आतपर्यंत लिंबाचा वास जातो, आणि आंबट नसल्यामुळे शिजण्यावरही काही परिणाम नाही. कुंडीत असतोच बऱ्याच जणांच्या. नसेल तर लिंबाच्या झाडाची दोन कोवळी पानं चालतात, भात झाल्यावर काढून टाकायची.

आता करायला घ्या

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, हलक्या हाताने, दाणा तुटू न देता. वीस मिनिटं भिजत ठेवा आणि मग चाळणीत निथळत ठेवा. निथळणं टाळू नका, चाळणीखाली जे पाणी जमतं ते तुमच्या मापात धरलेलं नसतं.

गंज (म्हणजे पातेलं) स्टीलचा घ्या, जाड बुडाचा. ॲल्युमिनियम नको आणि लोखंडी कढई तर फोडणीलाही नको, आंबट लागलं की धातूचा वास उतरतो आणि लोखंडात भात काळपट होतो. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई केलेलंच.

गंजात पावणेदोन वाट्या पाणी, मीठ, लहान चमचाभर तूप आणि गवती चहाची गाठ टाकून उकळी आणा. एचएमटीला एरवी मी दोन वाट्या पाणी टाकतो, इथे पाव वाटी कमी का, तर नंतर वरून जवळजवळ पाव वाटी रस पडणार आहे. पाणी नेहमीसारखंच टाकलं आणि वरून रस ओतला की भात ओलाकच्च होणार, मग पंख्याखाली वाळवत बसा. भात रस पडायच्या आधी खाल्ला तर किंचित कोरडा लागला पाहिजे, तेच बरोबर आहे.

पाणी खळखळ उकळलं की तांदूळ टाका, एकदाच हलवा, मध्यम आचेवर झाकण न ठेवता राहू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर लहान लहान भोकं दिसायला लागली, त्यातून फुस फुस वाफ निघायला लागली, की आच एकदम बारीक करा आणि घट्ट झाकण लावा. झाकण सैल असेल तर त्याला ओला नॅपकिन गुंडाळा, टोकं वर बांधून, नाहीतर ज्योतीवर लोंबतील. आठ ते दहा मिनिटं. गॅस बंद. अजून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, कितीही वाटलं तरी. या दहा मिनिटांत वरच्या आणि खालच्या दाण्यातलं पाणी सारखं होतं आणि दाणा घट्ट होतो, लगेच ढवळला तर तुटतो.

मध्ये थोडंसं आंबट टाकावं का शिजताना, असं विचारतात. लिंबाचे चार-पाच थेंब पाण्यात टाकले तर भात पांढरा राहतो, दाणा सुटा राहतो, तेवढं चालेल. पूर्ण लिंबू पिळलं तर दाणा बाहेरून आवळतो आणि आत कणी राहते, तूर डाळीत चिंच आधी टाकली की ती शिजत नाही तोच प्रकार.

झाकण उघडा, गवती चहा काढा, आणि भात परातीत पसरा. सराट्याने (उलथन्याने) नाही उकरायचा, काट्याने किंवा सराट्याच्या धारेने उचलून सोडायचा. तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या, वाफ जाऊ द्या. तळहात भातावर ठेवला तर सोसवेल इतका गरम पाहिजे. यापेक्षा गरम असेल तर रसाचा वास वाफेबरोबर उडतो, आणि पूर्ण गार झाला तर दाणा रस आत घेत नाही, रस परातीच्या तळाशी जमतो.

तोपर्यंत फोडणी. दीड मोठा चमचा तूप लहान कढल्यात, बारीक आचेवर. जिरं तडतडलं की मिरचीचे उभे काप, अद्रकाचा अगदी बारीक चुरा, गोडलिंब. तिखट कमी पाहिजे असेल तर मिरची मधून चिरून अख्खी टाका आणि नंतर काढा. ज्यांना लाल मिरची आवडते त्यांनी भिवापुरीचा एक तुकडा टाकावा, रंगही सुंदर दिसतो. अद्रकाचा कच्चा वास गेला की गॅस बंद करा. दहा सेकंद थांबा. मग सालीचा कीस टाका. तुपात हलका फेस येतो आणि वास घरभर जातो, तेवढ्यात कढलं खाली उतरवून चमच्याने फिरवा. गॅस चालू असताना कीस टाकला तर तो करपतो, बारीक असल्यामुळे पापणी लवायच्या आत, आणि करपलेली साल कडू. सालीतलं सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतं, म्हणून कीस थेट भातावर भुरभुरला तर चार घासांत येतो आणि बाकी ठिकाणी काही नाही, तुपातून गेला तर प्रत्येक दाण्याला लागतो.

ही फोडणी परातीतल्या भातावर सगळीकडे पसरून ओता आणि हाताने, हो हातानेच, हलकं चोळा. हात स्वच्छ, नखं कापलेली. दाण्याला तूप लागलेलं हाताला कळतं.

आता एका वाटीत संत्र्याचा गाळलेला रस, पाव वाटीच्या थोडा खाली, आणि त्यात अर्ध्या लिंबाचा रस मिसळून चाखा. नुसता रस चाखल्यावर तो प्यायला थोडा आंबट वाटला पाहिजे, कारण भातात गेल्यावर चव निम्मी होते. गोड वाटला तर उरलेलं अर्धं लिंबूही पिळा. एकदम ओतू नका, अर्धा टाका, भात उलटापालटा करा, मिनिटभर थांबा, मग बाकीचा अंदाजाने. सगळा लागेलच असं नाही.

पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग परत चाखा. फिकं वाटलं तर आधी लिंबू, मग मीठ, या क्रमाने. आंबट टोचायला लागलं तर लहान चमचाभर तूप, साखर नाही, तूप आंबटपणा गोल करतं. थोडं कडवट वाटत असेल तर चिमूटभर मीठ, मिठाने कडवटपणा थोडा दबतो, पण जास्तच कडू झाला असेल तर त्याला औषध नाही, दुसरा भात लावा.

ताटं मांडली, बाकीचं वाढून झालं, लोक बसले, की मग सांबार आणि फाडलेला पुदिना टाकून दोनदा उलटवा आणि वरून संत्र्याचा गर. वाढा.

कुकरवाल्यांसाठी

वेळ नसतो हे मान्य. कुकरमध्ये भांड्यात १ वाटी तांदूळ, दीड वाटी पाणी, नेहमीच्या शिट्ट्या, आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. शिटी उचलून वाफ काढली की दाणा फाटतो. उघडल्यावर भात परातीत, पुढचं सगळं तसंच. इलेक्ट्रिक राईस कुकर असेल तर वॉर्मवर ठेवून त्यात रस टाकू नका, ती ऊबही कडू करायला पुरेशी आहे. सकाळचा पांढरा भात उरला असेल आणि फ्रिजमध्ये नीट ठेवला असेल तर त्याचाही होतो, पाण्याचा हबका मारून चांगला वाफेपर्यंत गरम करा, मग फोडणी, मग रस, फक्त रस निम्माच.

सोबत काय

सावजी रश्श्यासोबत हा भात देऊ नका. सावजीचा मसाला इतका जोरात असतो की संत्रं कुठे गेलं ते कळत नाही, त्याला ज्वारीची भाकर नाहीतर साधा पांढरा भातच बरा. या भातासोबत कोरडं पाहिजे: तव्यावर खरपूस केलेली रोहूची तुकडी, भाजलेलं चिकन, पनीर, मसाला लावून परतलेले आलू, किंवा मोकळा खमंग झुणका. झुणक्यासोबत तर फारच जमतं, बेसनाचा खमंगपणा आणि संत्र्याची गोडी. कढी नको, आंबटावर आंबट होतं. एखाद्याला ओलं काही लागतंच, त्याला पातळ, कमी मसाल्याचं मुगाचं वरण.

उन्हाळ्यात, संत्रं नसताना

मे महिन्यात नागपुरात संत्रं शोधू नका, मिळालं तरी कोल्ड स्टोअरेजचं आणि साल सुकलेली. तेव्हा नुसत्या लिंबाचाच करा, सालीसकट. लिंबाची साल अजून पातळ असते, किसताना दोन लिंबं लागतील आणि हात आणखी हलका. रस एका मोठ्या लिंबाचा, त्यात दोन चमचे साधं पाणी, आणि रस कमी पडतोय म्हणून शिजतानाचं पाणी दोन वाट्यांना थोडं कमी इतकं वाढवा. मोसंबीने संत्र्याची जागा भरून निघत नाही, आंबटपणा जवळजवळ नाहीच आणि रस ठेवला की तोही कडवट होतो. कैरी किसून टाकता येते पण तो मग कैरीभात, त्याला मोहरीची फोडणी आणि वेगळं तंत्र.

डब्यात आणि उरला तर

डब्यासाठी करायचा असेल तर तुपाऐवजी शेंगदाण्याचं किंवा साधं रिफाइंड तेल वापरा, हिवाळ्यात दुपारपर्यंत तूप थिजतं आणि भात पांढुरका, मेणचट लागतो. जवसाचं तेल नको, त्याचा स्वतःचा वास फार. सांबार वेगळ्या छोट्या डबीत द्या, खाताना टाकू द्या.

उरलेला भात ओट्यावर ठेवून झोपायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात, उबेत ते वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम केल्यानेही जात नाही. लिंबू-संत्रं टाकलंय म्हणून भात टिकेल असं समजू नका, एवढ्या आंबटाने काही होत नाही. पसरट ताटात गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा. आणि उरवायचाच असेल तर रस टाकायच्या आधीचा, फोडणी दिलेला भात काढून ठेवा, कारण रस पडलेला भात गरम केला की परत तेच कडू प्रकरण.

वीस जणांचा अंदाज

बाजूचा भात म्हणून माणशी ५० ग्रॅम तांदूळ धरला तर वीस जणांना एक किलो, म्हणजे माझ्या वाटीने पाच. रसासाठी पाच-सहा संत्री, लिंबं चार आणून तीन वापरा. तूप पाचपट लागत नाही, पाच-सहा मोठे चमचे पुरे, मिरचीही चौपटीच्या खालीच ठेवा. साल मात्र पूर्ण पाच संत्र्यांची. एवढा भात एका गंजात मापाच्या पाण्यात शिजवला तर खाली गिच्च आणि वर कणी राहते, त्यापेक्षा भरपूर मिठाच्या पाण्यात उकडा, दाणा बोटात दाबून आत अगदी बारीक पांढरा ठिपका दिसला की चाळणीवर ओता आणि पेज खाली भांड्यात धरा. पेज फेकू नका, जिरं-मीठ टाकून हिवाळ्यात प्यायला छान लागते. निथळलेला भात दोन परातीत पसरा, एका परातीत ढीग केला तर मधला भात स्वतःच्याच वाफेवर शिजत राहतो. फोडणी आणि रस प्रत्येक परातीला अर्धा अर्धा, आणि सांबार चिरायला कोणालातरी आधीच बसवून ठेवा, पंगत बसल्यावर चिरायला घेतलं तर भात गार होईपर्यंत चिरणं चालू राहतं.